तीनचाकीवरचे छप्पर, कुबड्या आणि दोन बॅटऱ्या

सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधनाचे काम करते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझा डावा पाय निकामी आहे, उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची धातूची चौकट लागते आणि दोन कुबड्यांशिवाय मला चार पावलेही टाकता येत नाहीत. सहकारनगरातल्या घरापासून छापखान्यापर्यंत अनेक वर्षे मी रिक्षाने जात असे आणि पगाराचा मोठा वाटा त्यातच खर्ची पडत असे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी बॅटरीवर चालणारी तीनचाकी घेतली. पुढे एक चाक आणि त्यातच मोटर, मागे दोन चाके, मध्ये आसन आणि आसनाखाली १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या अशी तिची रचना आहे. गाडी हाती आली तेव्हा तिच्यावर हँडल, ब्रेक आणि घंटी यांखेरीज काहीही नव्हते; वर छप्पर नाही, दिवा नाही, आरसा नाही, कुबड्या ठेवायला जागाही नाही. त्यानंतरच्या सव्वा वर्षात माझा पुतण्या आणि मी सुटीच्या दिवशी थोडे थोडे काम करून तिला जे बसवले, जे बसवून काढून टाकले आणि जे बसवायचे नाही असे ठरवले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

पहिला प्रश्न कुबड्यांचा होता. सुरुवातीला मी त्या आसनाच्या पाठीला सुतळीने बांधत असे. तिसऱ्याच आठवड्यात मित्रमंडळ चौकाजवळच्या गतिरोधकावर गाठ सुटली, एक कुबडी रस्त्यावर पडली आणि मागून येणाऱ्या मोटारीखाली गेली. चालणाऱ्या माणसाची पिशवी पडली तर तो उतरून ती उचलतो. मला कुबडी उचलायला उतरायचे तर त्यासाठी कुबडीच लागते. त्या दिवशी एका भाजीवाल्या मावशींनी मोडलेली कुबडी आणून दिली आणि मी एकीच्या आधाराने कसाबसा दिवस काढला. त्यानंतर प्रत्येक जोडकामाबाबत मी पहिला प्रश्न हाच विचारू लागले, की हे वाटेत सुटले, तुटले किंवा बंद पडले तर मी आसनावर बसल्या बसल्या काय करू शकेन.

कुबड्यांसाठी आम्ही ७५ मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे कापले, खालून टोपण बसवले आणि ते आसनाच्या डाव्या बाजूच्या चौकटीला पट्ट्यांनी आवळले. टोपणाला तीन भोके पाडली, कारण तशी भोके नसती तर पावसाचे पाणी आत साचून कुबडीचा रबरी बूट त्यातच भिजत राहिला असता. आतल्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचे अस्तर चिकटवले, त्यामुळे खडखडाट थांबला. वरच्या टोकाला भिंतीवर झाडू अडकवण्याची चिमट्यासारखी पकड लावली आणि तिच्यावरून वेल्क्रोचा एक पट्टा घेतला, म्हणजे खड्ड्यात गाडी आदळली तरी कुबडी उसळून बाहेर येत नाही. नळ्यांची जागा ठरवायला मात्र दोन रविवार गेले. आसनावर बसलेल्या स्थितीत हात सहज पोहोचला पाहिजे, चढता-उतरताना नळी मांडीला लागता कामा नये आणि मागच्या चाकांच्या बाहेर काहीही यायला नको, अशा तीन अटी एकाच वेळी पाळायच्या होत्या. शेवटची अट विशेष महत्त्वाची, कारण चालवणारा माणूस गाडीची रुंदी मागच्या चाकांवरूनच जोखतो. त्याबाहेर आलेली वस्तू फाटकाला, खांबाला किंवा शेजारच्या स्कूटरला हमखास लागते.

त्याच सुमारास ब्रेकच्या दांडीला जाड रबराची एक कडी अडकवली. आसनावर चढताना शरीराचा सगळा भार हातांवर येतो आणि नेमक्या त्या क्षणी गाडी बोटभर जरी सरकली तरी तोल जातो. आता मी उतरण्याआधी ब्रेक दाबून दांडीवर कडी चढवते आणि बसून कुबड्या नळीत ठेवल्याशिवाय ती काढत नाही. या कडीला एक पैसाही लागला नाही, पण सगळ्या जोडकामांत मी तिला पहिले स्थान देईन.

दिव्यांच्या बाबतीत आमच्या हातून मोठी चूक झाली. छापखान्यातून निघायला हिवाळ्यात अंधार पडतो, म्हणून पुढे एक पांढरा एलईडी दिवा, मागे एक लाल दिवा आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी एक यूएसबी सॉकेट एवढे हवे होते. बाजारात मिळणारे असे सगळे सामान दुचाकींसाठी, म्हणजे १२ व्होल्टवर चालणारे असते. माझ्या गाडीतल्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असल्यामुळे मोटरला २४ व्होल्ट मिळतात. आम्ही विचार केला, की दोनांपैकी एका बॅटरीच्या टोकांवरून तारा काढल्या की १२ व्होल्ट आपोआप मिळतील. तसे केले आणि दिवे उत्तम लागले. दोन महिन्यांनी गाडी पूर्वीइतकी लांब जाईनाशी झाली. आधी एका चार्जिंगमध्ये वीस-बावीस किलोमीटर सहज होत असत, ते तेरावर आले आणि एका संध्याकाळी पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या चढावर तिचा दम संपला.

पुतण्या तंत्रनिकेतनात शिकतो. त्याने रात्रभर न वापरलेल्या दोन्ही बॅटऱ्या सकाळी मल्टिमीटरने वेगवेगळ्या मोजल्या. एक १२.८ व्होल्ट दाखवत होती, दुसरी १२.३. अशा बॅटरीत १२.७ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली आणि १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण निम्मी, असे समजतात. मग कारण उलगडले. दिव्यांचा आणि सॉकेटचा भार एकाच बॅटरीवर पडत होता, त्यामुळे ती रोज दुसरीपेक्षा थोडी जास्त रिकामी होत होती. चार्जर मात्र दोघींना एकाच साखळीतून भरतो, म्हणजे दोघींतून सारखाच प्रवाह जातो. एकूण व्होल्टेज ठरल्या पातळीला पोहोचले की तो थांबतो. भरलेली बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरली जाते आणि उपाशी बॅटरी अर्धपोटीच राहते. शिसे-आम्लाच्या बॅटरीला असे अर्धवट रिकामे राहणे सोसत नाही, तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कण घट्ट होत जातात आणि क्षमता कायमची घटते. ही हानी हळूहळू होत असल्यामुळे दिवे नीट लागताहेत तोवर कोणाच्याही लक्षात येत नाही, म्हणूनच मी ती इथे इतक्या विस्ताराने सांगते आहे.

उपाय तपकीर गल्लीत मिळाला. ही गल्ली विजेच्या सामानासाठी शहरात प्रसिद्ध असली तरी इतकी अरुंद आणि गजबजलेली आहे, की माझी गाडी आत नेणे शक्य नव्हते. मी तोंडाशी थांबले आणि पुतण्या आत गेला. थोड्या वेळाने दुकानदार स्वतः दोन-तीन नमुने घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही हातात घेऊन बघा, मग ठरवा.’’ त्यांच्याकडून २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा, राळेत बंद केलेला कन्व्हर्टर घेतला. तो दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांना जोडतात, त्यामुळे भार दोघींवर सारखा पडतो. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, ३ ॲम्पियरचा फ्यूज घातला. दिवे आणि सॉकेट मिळून १५ वॅटही होत नाहीत, म्हणजे २४ व्होल्टवर पाऊण ॲम्पियरच्या आतच प्रवाह लागतो. पण आसनाखाली कुठे तार घासून उघडी पडली तर बॅटरी क्षणात ती लाल करू शकते आणि मी त्याच आसनावर बसलेली असते. मागे पडलेली बॅटरी १२ व्होल्टच्या चार्जरवर दोन दिवस एकटीच भरली आणि मग पुन्हा जोडली. गेलेली सगळी क्षमता परत आली नाही, परंतु आता अठरा किलोमीटर निर्धास्तपणे होतात.

तारा ओढताना दोन गोष्टी नीट पाळाव्या लागतात. हँडलकडे जाणारी तार दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिल्याशिवाय बांधू नये, नाहीतर रोजच्या वळण्याने ती आतल्या आत तुटते आणि दिवा कधी लागतो, कधी विझतो. तसेच मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक तारेला शिरण्याआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते, जोडणीत जात नाही.

आरसे नाना पेठेतून आणले, ते दुचाकीचेच आहेत. मागच्या बाजूला लाल आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी चिकटवली. एवढ्या किरकोळ गोष्टी गाडीबरोबरच यायला हव्या होत्या.

छपराचे काम सर्वांत अवघड गेले. एप्रिलच्या उन्हात सिग्नलला उभे राहणे असह्य होऊ लागले, तेव्हा घराजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडून लोखंडी पाइपची चौकट करून घेतली. चौकट भक्कम होती, पण वजन नऊ किलो भरले आणि तेही सगळे डोक्याच्या वर. पहिल्याच दिवशी सारसबागेजवळ डावीकडे वळताना आतल्या बाजूचे मागचे चाक उचलल्यासारखे वाटले. चार चाकांची गाडी चौकोनावर उभी असते, तीन चाकांची त्रिकोणावर; पुढचे चाक आणि मागचे एक चाक यांना जोडणाऱ्या रेषेबाहेर तोल गेला की ती कलंडते. वजन जितके उंच आणि जितके पुढे, तितकी ती रेषा जवळ येते. मिस्त्री म्हणाले, ‘‘ताई, मागे दगड ठेवा, बसेल जागेवर.’’ त्यांचा हेतू चांगला होता, परंतु वजन वाढवून वजनाचा दोष झाकणे मला पटले नाही. वाढलेले प्रत्येक किलो बॅटरीलाही ओढावे लागते.

चौकट उतरवली. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात ॲल्युमिनियमच्या पाइपची एक मोडकी घडीची खाट मिळाली. तिच्यातून केलेली नवी चौकट तीन किलोच्या आत बसली. उंची बसल्यावर डोक्याच्या वर चार बोटे राहील इतकीच ठेवली. बोहरी आळीतून आणलेले ताडपत्रीचे कापड वर शिवून घेतले आणि पाठीमागचा पडदा वेल्क्रोने सुटा ठेवला, म्हणजे जोराचा वारा सुटला की तो उघडता येतो. बंद पाठ वाऱ्यात शिडासारखी वागते. समोर पारदर्शक प्लॅस्टिक लावा असे अनेकांनी सुचवले. मी ते एक आठवडा लावून पाहिले आणि काढले, कारण पावसात श्वासाने ते धूसर होते आणि रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे त्यावर पसरून रस्ताच दिसत नाही. त्याऐवजी मांड्या झाकणारा रेक्झिनचा एक पडदा कमरेला बांधते. समोरून येणारी झड चेहऱ्यावर येते, पण समोरचे स्पष्ट दिसते.

वजनाच्या विचारातून आणखी एक पेच पुढे आला. मोटर पुढच्या चाकात असल्यामुळे ओल्या चढावर ते चाक जागच्या जागी फिरते, कारण चढावर भार मागे सरकतो आणि पुढच्या चाकाची पकड सुटते. पुढे टोपली लावून तिच्यात सामान ठेवले तर पकड सुधारते, मात्र वळणावरचे स्थैर्य कमी होते. काही दिवस दोन्ही प्रकारे चालवून पाहिल्यावर मी टोपली छोटी आणि चाकाच्या शक्य तितक्या जवळ, खालच्या बाजूला बसवली. तिच्यात हवेचा पंप आणि हत्यारांची पिशवी एवढेच असते. चढावर मी स्वतः पुढे झुकते आणि वळणाआधी पुन्हा ताठ बसते. शरीराचे वजन हेच या गाडीतले सर्वांत मोठे आणि हलवता येणारे वजन आहे, हे लक्षात आल्यापासून चढ सोपे झाले.

जास्त ताकदीची मोटर लावण्याचा सल्ला तर जवळजवळ प्रत्येकाने दिला. तो मी मानला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार अशा बॅटरीच्या वाहनाला नोंदणीतून सूट मिळते ती मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असण्यासारख्या अटींवरच. मोटर बदलली की गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिचे ब्रेक, चाके आणि चौकट याच वेगासाठी केलेली आहेत.

हा पावसाळा छपराखालचा दुसरा. कापडाची उजवीकडची कड शिवताना बोटभर आखूड राहिली आहे, त्यामुळे पाऊस पश्चिमेकडून आला की तिथून पाण्याची एक धार बरोबर उजव्या गुडघ्यावर, कॅलिपरच्या सांध्यावर पडते. त्या सांध्याला गंज चढू लागला आहे. पट्टी कापून ठेवली आहे. येत्या रविवारी पाऊस उघडला तर ती शिवायची आहे.