ताकातला ब्रेड

रविवार, रात्री

दिवसभर पाऊस. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये ही काही लिहून ठेवण्यासारखी बातमी नव्हे, पण त्या निमित्ताने घरात बसले आणि सोडा ब्रेड केला. मैदा, मीठ, खाण्याचा सोडा, बटरमिल्क (म्हणजे आंबट ताक). एवढंच. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर नाही. १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, अमेरिकेत याच नावाने जो बेदाणे आणि शहाजिरं घातलेला गोड प्रकार खातात, तो मला केकच वाटतो. इथेही बेदाणे घालतात कधीकधी, त्याला ‘स्पॉटेड डॉग’ म्हणतात, पण रोजचा ब्रेड साधाच.

प्रमाण लिहून ठेवते, म्हणजे दर वेळी शोधायला नको. ४५० ग्रॅम मैदा, सोडा चहाचा एक सपाट चमचा, मीठ तेवढंच, बटरमिल्क ३५० ते ४०० मिली. सोडा चाळूनच घ्यायचा, गुठळी राहिली की त्या घासाला साबणाची चव येते. इथलं दुकानातलं बटरमिल्क विरजण लावून केलेलं, दाट आणि चांगलं आंबट असतं. सांगलीला आईकडे करायचा झाला तर आंबट दही थोड्याशाच पाण्यात घुसळून चालेल. जेवणानंतरचं पातळ ताक मात्र उपयोगाचं नाही.

सगळी गंमत त्या आंबटपणात आहे. सोड्याला ताकातलं आम्ल मिळालं की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो, आणि तो कुणासाठी थांबत नाही. म्हणून भट्टी आधी तापवून ठेवायची आणि मगच ताक ओतायचं. बोटं ताठ फाकवून, पंजा करून, परातीत गोल गोल फिरवायची. पीठ गोळा झालं की थांबायचं. थालीपीठाच्या पिठाइतकं सैल, हाताला चिकटणारं असावं. वरून मैदा भुरभुरायचा, दोन बोटं जाडीचा गोल थापायचा, सुरीने खोल फुली मारायची आणि भट्टीत. २३० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर अर्धा तास. माझी भट्टी पंख्याची आहे, म्हणून मी दोन्ही वेळा वीस अंश कमी ठेवते.

मळायचं नाही, हेच माझ्या हातांना पटत नाही. लहानपणापासून कणीक तिंबायची सवय. पीठ ताटात दिसलं की तळहात आपोआप दाब द्यायला लागतो. शेजारच्या बाई (सत्तरीच्या आहेत, शेजारच्या केरी परगण्यात शेतावर वाढलेल्या) एकदा माझ्याकडे बघत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘त्याला फार हात लावू नकोस, तो रागावतो.’’ आज आईचा फोन नेमका त्याच वेळी आला.

‘‘दहा मिनिटं तरी मळलंस ना गं?’’
‘‘मळायचंच नसतं आई याला.’’
‘‘मग तो ब्रेड कसला?’’

प्रश्न रास्त आहे. यीस्टच्या ब्रेडला सहसा मळावं लागतं, कारण तासन्‌तास हळूहळू तयार होणारा वायू धरून ठेवायला पिठातल्या प्रथिनांचं चिवट जाळं लागतं. आयर्लंडच्या ओल्या, थंड हवेत येणारा गहू मऊ, प्रथिनं कमी असलेला. त्याचं जाळं तेवढं भक्कम होत नाही. सोड्याला त्याची गरजच नाही. उलट मऊ गहू आणि हलका हात असेल तरच ब्रेड भुसभुशीत होतो, मळलात तर वातड. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोडा स्वस्तात मिळायला लागला आणि या देशाने तो असा उचलला की आजही दुकानातल्या पुडीवर ‘ब्रेड सोडा’ असंच छापलेलं असतं.

दुसरं कारण भट्टीचं. बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी भट्टी नव्हतीच. चुलीत टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, जळत असे. तिच्यावर तीन पायांचं, झाकणाचं बिडाचं भांडं, बॅस्टिबल. ब्रेड आत ठेवायचा आणि झाकणावरही निखारे रचायचे. खालूनवरून आच. हे ऐकून आई लगेच म्हणाली, ‘‘हां, म्हणजे आपण केक करायचो तसंच की, पातेल्यावर निखारे ठेवून.’’ उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, तव्यावर चार तुकड्यांत भाजतात, त्याला फार्ल म्हणतात. तो मी अजून केलेला नाही.

पण मला खरं लिहायचंय ते ताकाबद्दल. मागे कॉर्कमधल्याच शॅन्डन भागात बटर म्युझियम बघितलं, तेव्हापासून ते डोक्यात आहे. १७७० पासून १९२४ पर्यंत तिथे लोण्याचा बाजार होता, एकोणिसाव्या शतकात तर जगातला सगळ्यात मोठा. केरीपासून डोंगर ओलांडून माल यायचा. त्या जुन्या रस्त्यांना अजूनही बटर रोड म्हणतात. खारवलेलं लोणी लाकडी पिपांत भरून आणायचं, एकेक पीप साधारण २५ किलोचं. परीक्षक आत सळी खुपसून लोणी काढणार, वास घेणार, चाखणार आणि प्रत ठरवणार. त्या प्रतीवर शेतकऱ्याला भाव मिळायचा. मग ती पिपं जहाजांत चढून पार वेस्ट इंडीजपर्यंत जायची. १८४५ पासून बटाटा कुजला, माणसं भुकेने मेली, त्या वर्षांतही आयर्लंडमधून लोणी बाहेर जातच होतं. जमिनीचा खंड भरायचा तर लोणी विकल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणि घरात काय उरायचं? घुसळणातलं ताक. ते दूरवर विकायला नेण्याच्या लायकीचं नाही, टिकणारं नाही. ते प्यायचं, बटाट्याबरोबर खायचं, डुकरांना घालायचं, आणि पुढे सोडा हाताशी आल्यावर पिठात घालायचं. आज पर्यटकांना हा ब्रेड जाडसर लोण्याचा थर लावून देतात. ज्या बायकांनी तो रोज भाजला, त्यातल्या कितीतरी जणींचं लोणी तेव्हा कॉर्कच्या वाटेवर असणार. हे म्युझियमच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं, माझं मीच जुळवलं, पण मला ते चूक वाटत नाही.

शेजारच्या बाईंना आज विचारलं, फुली कशाला मारायची? ‘‘पऱ्या बाहेर पडाव्यात म्हणून,’’ त्या अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. त्यांची आई मात्र क्रूस म्हणून मारायची. जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत आच पोचते आणि फुगायला वाट मिळते, हे भट्टीच्या काचेतून स्पष्ट दिसतं. पण मी चारही कोपऱ्यांत सुरीचं टोक टोचलंच. पऱ्यांशी कशाला वाकडं घ्या.

उलटा करून बुडाला टकटक केलं, पोकळ आवाज आला, म्हणजे झाला. कवच मऊ राहावं म्हणून पंचात गुंडाळून ठेवला. तासाभराने कापला. वरून खरखरीत, आत दमट, किंचित आंबूस. स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसल्यामुळे तो आजच्या दिवसापुरताच चांगला, उद्या टोस्ट करावा लागेल. अर्धा शेजारी दिला. बाईंनी एक तुकडा मोडून चावला, मान हलवली आणि मीठ थोडं जास्त घाल म्हणाल्या.

बटरमिल्क अजून निम्मं शिल्लक आहे. उद्या कढी करावी म्हणते. बेसन आहे, कढीपत्ता मात्र इंडियन दुकानातून आणावा लागेल.