पाच फुटी माणसांनी मसाच्चो कसा बघावा

आमच्या टूरमध्ये फ्लॉरेन्सला अर्धा दिवस होता आणि त्यातलेही दोन तास चामड्याचं दुकान आणि त्यानंतरचं पनीरचं जेवण यासाठी राखून ठेवलेले. पिसाला मनोरा ढकलतानाचे फोटो काढायला मात्र सव्वा तास! रोम आणि व्हेनिसबद्दल मी काही लिहीत नाही, छान होतं, गर्दी होती, पाय दुखले.

तर दुकानात बेल्टचं प्रात्यक्षिक सुरू झाल्यावर मी टूर मॅनेजरना सांगितलं की आईचं पोट बिघडलंय, आणि आम्ही दोघी सटकलो. "माझ्या नावावर कशाला बिल फाडलंस," असं आई दुओमोपर्यंत, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चपर्यंत, बोलत होती. दुओमोच्या दारासमोरच ती आठ कोनी बॅप्टिस्ट्री, म्हणजे बाप्तिस्मा द्यायची इमारत, आहे. ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने सहाशे वर्षांपूर्वी याच दारातून ती एका फळीवर रंगवली, फळीला भोक पाडलं, आणि लोकांना मागच्या बाजूने डोळा लावून समोर धरलेल्या आरशात ते चित्र बघायला लावलं. आरसा बाजूला केला की समोर खरी बॅप्टिस्ट्री, चित्रातल्यासारखीच. फळी आता हरवलीये. आई म्हणाली, "म्हणजे जत्रेतला बायोस्कोप." तसंच काहीसं, सपाट चित्रात खोली दाखवायची युक्ती!

मला बघायचं होतं ते सांता मारिया नोव्हेला चर्चमधलं मसाच्चो या चित्रकाराचं 'ट्रिनिटी' हे भित्तिचित्र. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेच्या तयारीत आमच्या सरांनी रेल्वेचे रूळ इतक्या वेळा एका बिंदूत मिळवायला लावले होते की तो बिंदू पहिल्यांदा भिंतीवर ज्यांनी गंभीरपणे वापरला त्यांच्यात हा पोरगा होता हे कळल्यापासून मला ते चित्र प्रत्यक्ष बघायचंच होतं. पोरगाच म्हणायचा, १४२५ ते २७ च्या सुमारास हे रंगवलं आणि १४२८ मध्ये सत्तावीस वर्षांचाही नीट नसताना गेला.

चित्र डावीकडच्या भिंतीवर आहे आणि सहा मीटरहून उंच आहे. मधे क्रूसावर येशू, मागे उभा देव, वर चौकटीचौकटींची कमान खोल आत गेलेली, आणि खाली सांगाडा. पण ती कमान खोल दिसायला उभं राहायची एक जागा आहे, बरोबर मध्यावर, भिंतीपासून थोडं मागे. आणि त्या जागेवर एक सहा फुटी गृहस्थ उभे होते, मोबाइलवर बोलत! चित्राकडे पाठ! पंधरा मिनिटं! ते हलले तर लगेच झेंडावाली बाई आणि तिच्यामागे चाळीस माणसं. मला रांगेचा, धक्काबुक्कीचा राग येत नाही, आपण लोकलवाले, पण जागा अडवून बघायचं नाही याचा येतो.

शेवटी मिळाली जागा. आणि काही झालं नाही. सपाट भिंत, जरा रंग उडालेली. मग लक्षात आलं, सगळ्या रेघा ज्या बिंदूत मिळतात तो क्रूसाच्या पायथ्याशी आहे, जमिनीपासून साधारण पावणेदोन मीटरवर, म्हणजे उभ्या उंच माणसाच्या डोळ्यांसमोर. मी पाच फूट एक इंच. चवड्यांवर उभी राहिले, चपला काढून पर्सवर उभं राहायचाही विचार आला, आणि तेवढ्यात, कसं सांगू, भिंत मागे सरकली. खोली झाली तिथे. पाय थरथरायला लागले म्हणून टाचा टेकल्या तर तशीच राहिली, म्हणजे उंचीचं माझं गणित बहुतेक मनाचंच होतं.

गंमत म्हणजे वासारी या चित्रकार-लेखकाने आपल्या पुस्तकात या कमानीचं कौतुक केलं, भिंतीला भोक पडल्यासारखं वाटतं म्हणाला, आणि नंतर १५७० च्या सुमारास त्याच माणसाने याच्यासमोर स्वतःची वेदी उभी करून चित्र झाकलं. तीनेकशे वर्षं झाकलेलंच. सांगाडा तर थेट १९५० नंतर सापडला.

आई तोवर बाकावर बसली होती. "मला खोलीबिली काही दिसत नाही, हाडंच दिसतायत. वर काय लिहिलंय?" मी सांगितलं, तुम्ही आज आहात तसा मी होतो, मी आज आहे तसे तुम्ही व्हाल. आई म्हणाली, "हे ऐकवायला पनीर बुडवलंस होय!"

मग मी तिला त्या दोऱ्यांचं सांगितलं. बिंदूपाशी खिळा ठोकून, त्याला दोऱ्या बांधून ओल्या गिलाव्यात दाबल्या होत्या, त्या रेघा अजून आहेत. इथे मात्र ती उठली. आमचं घर बांधताना गवंडी गेरूत बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर फटकन मारायचे, ते तिने रोज उभं राहून बघितलेलं. पार पुढे जाऊन, चष्मा वर करून, रेघा शोधत बसली, सुरक्षारक्षक खाकरेपर्यंत.

बसमध्ये आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो, सगळे आमच्याकडे बघत होते, मॅनेजरनी पोटाची चौकशी केली आणि आईने तोंड पाडून "आता बरंय" म्हटलं. बस सुटली. पाच मिनिटांनी मला कोपर मारून हळूच विचारते, "मग खिळा काढला ना त्याने नंतर?"