जुनं कार्ट्रिज: अंगाचे पैसे द्या, सुईची किंमत शून्य धरा

मार्च

गॅरार्ड एसपी २५ या जुन्या रेकॉर्ड प्लेयरचं यांत्रिक काम आटोपलं. तबकडी फिरवणाऱ्या चाकाचं, म्हणजे आयडलरचं रबर स्वच्छ झालं, मधल्या बेअरिंगमध्ये नवं तेल पडलं आणि निऑन दिव्याखाली वेग तपासायच्या स्ट्रोबच्या रेघा ३३⅓ वर थांबल्यासारख्या दिसतायत. सुई तोलणारा दांडा म्हणजे टोनआर्म, त्याच्या वायरी बदलल्या. उरलंय ते कार्ट्रिज, म्हणजे टोनआर्मच्या टोकाचा, सुईच्या थरथरीचा विद्युत सिग्नल करणारा भाग.

नवं एंट्री-लेव्हल कार्ट्रिज बसवून मोकळं होता आलं असतं. पण या डेकच्या काळातलं काही मिळतंय का, हे एकदा नीट शोधायचं होतं. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याचं सामान निघतंय असं कळलं, म्हणून गेलो. घरमालक काका सत्तरीचे. त्यांच्या वडिलांना रेकॉर्डचा भारी नाद. बिस्किटांच्या डब्यात कापसात गुंडाळून तीन कार्ट्रिजं ठेवली होती: एक शुअर एम ७५, एक डेनॉन डीएल १०३ आणि एलपी-७८ साठी सुई उलटवायची दांडी असलेलं एक सिरॅमिकसारखं कार्ट्रिज.

"सगळे चालू होते ना भाऊ," काका म्हणाले. "बाबा गेल्यापासून बंद पडून राहिले. मोबाइलवर पाहिलं, लोकं पंधरा-पंधरा हजाराला विकून राहिले."

काकांचं चुकत नव्हतं. इंटरनेटवर तसे आकडे खरंच दिसतात. तो आकडा नेमका कशाचा असतो, हे त्यांच्यासमोर बसून एकेक करून पाहिलं. ती सगळी तपासणी इथे सविस्तर लिहितो, कारण जुन्या कार्ट्रिजबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच.

आधी रचना ध्यानात घ्या. शुअरसारख्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये कॉइल आणि लोखंडी पोलपीस अंगात, म्हणजे कार्ट्रिजच्या मुख्य भागात असतात. हिरा, त्याची ॲल्युमिनियमची दांडी म्हणजे कँटिलिव्हर, दांडीच्या मागच्या टोकाचं इवलं चुंबक आणि तिला तोलून धरणारं रबर हे सगळं सुईच्या भागात असतं, आणि तो भाग ओढला की हातात येतो. म्हणजे झिजणारं, वाळणारं, वाकणारं सगळं काही बदलता येतं. अंगात उरते ती तांब्याची तार, आणि ती शाबूत असेल तर पन्नास वर्षांनीही तेच काम करते. म्हणून माझा भाव अंगाचा असतो. सुई बरोबर आली तर आली, तिचे पैसे मी मोजत नाही.

अंग तपासायला मल्टिमीटर पुरतो. मागे चार पिना असतात: पांढरी-निळी डावीकडची जोडी, लाल-हिरवी उजवीकडची. काकांच्या एम ७५ च्या पिनांवर हिरवट थर चढला होता. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काडीने तो पुसला आणि मीटर लावला. डावीकडे ६२५ ओहम, उजवीकडे ६१०. या मालिकेसाठी हे अगदी अपेक्षित आकडे आहेत, आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या, हे आकड्याहूनही महत्त्वाचं. एका बाजूला मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. असं अंग फुकट मिळालं तरी दुरुस्त होत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: काही शुअरमध्ये एका पिनेवरून धातूची पातळ पट्टी अंगाला जोडलेली असते. ती अर्थिंगसाठी आहे. तिला शॉर्ट समजून घाबरू नका.

मग सुई. गच्चीच्या उन्हात इतवारी सराफ्यातून घेतलेलं दहापट भिंग लावलं. दांडी सरळ, हिरा जागेवर. काकांना आनंद झाला, पण मी त्यांना थांबायला सांगितलं. दहापटीत हिरा आहे की नाही एवढंच कळतं, झीज कळत नाही.

ती घरी मायक्रोस्कोपखाली दिसली. वरून प्रकाश टाकून टोक किंचित तिरकं केलं की शाबूत गोल हिऱ्यावर चमकेचा एकच ठिपका दिसतो, आणि टोक फिरवलं की तो सरकतो. इथे टोकाच्या दोन्ही बाजूंना दोन सपाट, लखलखीत पैलू होते. टोक फिरवलं तरी जागचे हलेनात, एका ठरावीक कोनात मात्र आरशासारखे एकदम उजळायचे. खोबणीच्या दोन भिंतींनी घासून केलेले हे पैलू. त्यांच्या कडा धारदार असतात आणि त्या रेकॉर्ड कापतात. अशा सुईने मी एकही एलपी वाजवत नाही.

रबराचीही तीच गत होती. दांडी काडीने हलकेच दाबली तर ती लगेच परत यायला हवी. ही अडखळत, ताठपणे आली. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि वरच्या मजल्यावरच्या बंद कपाटात सस्पेन्शनच्या रबराने तसे कितीतरी उन्हाळे काढलेले असतात. ते कडक होतं किंवा बसतं. बसलं की कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकतं. म्हणूनच सीलबंद डब्यातली मूळ जुनी सुई दुप्पट-तिप्पट किमतीत घेऊ नका, असं मी कळकळीने सांगतो. डबा बंद असला तरी रबराचं वय थांबत नाही. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजं बनवणंच बंद केलं, त्यामुळे या डब्यांचे भाव आणखी चढलेत.

सिरॅमिकसारखं दिसणारं ते तिसरं कार्ट्रिज प्रत्यक्षात क्रिस्टलचं निघालं. त्यात रोशेल सॉल्ट नावाचा स्फटिक असतो. दमट हवेने तो खराब होतो आणि ५५ अंशांच्या आसपास पार निकामी होतो. आपल्याकडच्या जुन्या पेटी-प्लेयरमधलं क्रिस्टल जिवंत सापडणं म्हणजे नशीबच. खरं सिरॅमिक बरंच टिकतं, पण दोन्हींचा सुईदाब मोठा, अनेकदा ४ ते ६ ग्रॅम. चांगल्या एलपींवर तो मला नको.

डेनॉनने मात्र जीव हळहळला. डीएल १०३ हे एनएचके या जपानी प्रसारण संस्थेबरोबर घडवलेलं मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज, आजही बनतं. आउटपुट जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट, सुईदाब २.५ ग्रॅम. यात कॉइलच दांडीला जोडलेली असते, त्यामुळे सुई ओढून बदलता येत नाही. काकांच्या नगाची दांडी मुळाशी मोडलेली. रिटिप करून, म्हणजे नवी दांडी आणि हिरा बसवून देणारे आहेत, पण पाठवणं, दांडी, हिरा, परत मागवणं असा खर्च नव्या नगाच्या किमतीच्या दिशेने जातो. काकांना मी स्पष्ट सांगितलं की हे भंगारात देऊ नका, रिटिप करणाऱ्याला अंग म्हणून विका, त्याला किंमत आहे. मोबाइलवर दिसलेला आकडा चालू नगाचा होता.

एम ७५ चे पंधराशे ठरले. दोघंही समाधानी.

एप्रिल

आता सुई कुठली, हा प्रश्न. एम ७५ च्या अंगात अनेक प्रकारच्या सुया बसतात, आणि सगळ्यात महागडी सगळ्यात योग्य असेलच असं नाही. इथे टोनआर्म बघावा लागतो. टोनआर्म आणि सुई मिळून एका फ्रिक्वेन्सीला डोलतात, आणि ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावी. हिशेब सोपा आहे: १५९ भागिले, एकूण ग्रॅम गुणिले कंप्लायन्स (सुईची लवचिकता) याचं वर्गमूळ. टोनआर्म १२ ग्रॅमचा, कार्ट्रिज ६, स्क्रू अर्धा ग्रॅम आणि कंप्लायन्स २० धरलं तर ८.३ हर्ट्झ येतात, ठीक. कंप्लायन्स ३५ ची नाजूक सुई लावली की हाच आकडा ६.२ वर घसरतो. मग वाकडी रेकॉर्ड आली की वूफर पुढे-मागे पंप होत राहतो.

एसपी २५ चा टोनआर्म नाजूक सुयांसाठी घडलेलाच नाही. म्हणून पाऊण ते दीड ग्रॅमवर चालणारी ईडी सुई सोडून दीड ते तीन ग्रॅमची ईजे प्रकारची, लंबगोल टोकाची घेतली. जपानच्या जिकोची मागवली. ही कंपनी मुळात १८७३ पासूनची, शिवणाच्या सुया करणारी, आणि तिची सुई अंगात घट्ट बसते. स्वस्त जेनेरिक सुयांत हीच अडचण येते: चौकोनी नळी सैल बसली की दांडी तिरकी राहते आणि एक चॅनल हळू वाजतो. तेव्हा लोक कार्ट्रिजला दोष देतात.

दोन ग्रॅमवर सेट केलं आणि पहिली परीक्षा रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यावर घेतली. एलपीच्या कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर सरकते, लेबलपाशी २० सेंटिमीटरच्या आसपास. तेवढ्याच जागेत 'स' आणि 'श' कोंबलेले असतात, म्हणून भावगीताची शेवटची कडवी सुईची खरी परीक्षा घेतात. इथे ते स्वच्छ आले. सनईची एक एलपी लावली, वरच्या पट्टीत करकर नाही. फक्त एकंदर आवाज थोडा पातळ वाटला.

त्याचं कारण फोनो प्रीॲम्प, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल मोठा करणारी पेटी. या मालिकेसाठी शुअरची शिफारस ४७ किलोओहम रेझिस्टन्स आणि ४०० ते ५०० पिकोफॅरड कपॅसिटन्सची आहे. एम ७५ ची इंडक्टन्स ७२० मिलिहेन्री, म्हणजे बरीच. ४५० पिकोफॅरडला तिचा विद्युत रेझोनन्स ९ किलोहर्ट्झच्या जवळ येतो, २०० ला १३ च्या वर पळतो. आजचे बरेच प्रीॲम्प वायरीसकट २०० च्या आसपासच असतात, त्यामुळे वरच्या सप्तकाचा तोल सरकतो. सीताबर्डीतून २२० पिकोफॅरडचे पॉलिस्टायरीन कपॅसिटर आणले आणि प्रीॲम्पच्या इनपुट सॉकेटला समांतर झाळले. आता गळ्याला अंग आलंय, तंबोऱ्याची जवारी मोकळी ऐकू येते. जुन्या शुअरला 'निर्जीव' म्हणणाऱ्यांनी आधी हे दोन कपॅसिटर लावून बघावेत.

पुढचं काम ७८ च्या तबकड्यांचं. अंग हेच, सुई जाडी, सुमारे २.५ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची बारीक सुई ७८ च्या रुंद खोबणीच्या तळाशी जाऊन खरखर उचलते. दोन्ही चॅनल मोनो जोडले की खोबणीच्या उभ्या हालचालीतून येणारा खरखराट बराच कटतो, आणि त्यासाठी हेडशेलमागे, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या टोकामागे एक छोटा स्विच बसवतोय. सुई आली की आकडे इथेच लिहीन. या अंगाची ७८ ची सुई कुणी आपल्या भागात वापरत असाल, तर कुठली आणि किती दाबावर, तेवढं कळवा.