खारी आणि सोफा: सहाव्या आठवड्याचा हिशोब

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, खारी म्हणजे आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री, साधारण दहा महिन्यांची, रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा म्हणून नाव तेच ठेवलं. राहायला दादर, तिसरा मजला, वन बीएचके, दार उघडलं की थेट समोर सोफा. माझी सात पावलं, तिच्या तीन उड्या. उन्हाळ्यात काही वाटलं नाही, पण पाऊस सुरू झाला आणि शिवाजी पार्कची लाल माती चार पायांवरून थेट आमच्या फिकट पिवळ्या कव्हरवर. तीनदा धुतलं, डाग आहेत तिथेच आहेत.

पहिले दोन आठवडे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. ती चढली की "खाली!" म्हणून ओरडायचं, कॉलर धरून उतरवायचं, ती परत वर, मी परत ओरडणार. तिच्या दृष्टीने हा पकडापकडीचा मस्त खेळ होता आणि मी रोज तीन वेळा न चुकता खेळायला येत होते. शेवटी वैतागून एक दिवस मोबाईल टीपॉयवर टेकवला, रेकॉर्डिंग केलं आणि रात्री शांतपणे बघितलं.

ती सोफ्यावर बसायला जातच नव्हती! उडी मारली, डावा गाल कुशनला घासला, मग मान, मग अख्खी कूस, मग चारही पाय वर करून लोळण. म्हणजे बाईसाहेब अंग पुसत होत्या. आणि मी दारात पाठीवरून एकदा पंचा फिरवून "झालं" म्हणत पट्टा (फिरवायची लीश) काढून टाकायचे. पाठ कोरडी, बाकी सगळी चिंब.

मग सगळा क्रमच बदलला. दाराबाहेर गोणपाट, त्यावर पाय. आत आल्यावर पट्टा काढायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, पट्टा अंगावर असला की कॉलर ओढायची वेळच येत नाही. पट्ट्यासकट बाथरूम, मगभर कोमट पाणी, बोटांच्या मधली माती नीट काढायची. (तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो, तो कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्याकडून आपल्यालाही होऊ शकतो, त्यामुळे लस दिलेली असली तरी पाय धुणं सोडू नका.) पुसायला जुन्या सुती साडीचे तुकडे, टर्किश टॉवेलपेक्षा पाणी भरभर टिपतात. गाल, मान, काखा, पोट, म्हणजे जे जे ती सोफ्याला पुसायची ते आधी.

मग खिडकीखाली गोधडी, चार घड्या घालून. तिथे उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे, बिनमिठाचे, कांदा-लसूण अजिबात नाही. पाय ठेवला की एक, बसली की एक, आडवी झाली की दर पाच-सहा सेकंदांनी एक, मग हळूहळू वेळ वाढवत न्यायची. छोटीशी गोष्ट पण खूप फरक पडला, तुकडा हातातून भरवायचा नाही, गोधडीवर ठेवायचा, म्हणजे नाक खाली राहतं आणि माझ्या हातावर उड्या मारणं बंद.

आकडे सांगते. दिवसाला ३ फेऱ्या, आठवड्याच्या २१. तिसऱ्या आठवड्यात ११ वेळा सोफा गाठला, चौथ्यात ४, मी खूश. पाचव्यात एकदम ९! डोकं चालेना. मग एक दिवस ऑफिसातून लवकर आले तर सासरे सोफ्यावर, खारी त्यांच्या मांडीवर आणि हातात मारी बिस्कीट.

"बाबा, अहो हे काय!"

"अगं पाय कोरडे होते तिचे, मी हात लावून बघितलं ना."

आता तिला कोरडे पाय-ओले पाय हा नियम कसा कळणार? तिच्यासाठी हा मटका आहे, रोज लागत नाही पण कधीतरी लागतो, म्हणून माणूस, सॉरी कुत्रा, लावतच राहतो. रोज बिस्कीट मिळालं असतं आणि मग बंद केलं असतं तर सवय लवकर सुटली असती, हे अधूनमधूनचं जास्त चिवट. पण बाबांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्यांची दुपार तिच्यावर जाते. मग त्यांची आरामखुर्चीच गोधडीशेजारी आणून ठेवली आणि चिकनचा डबा त्यांच्या ताब्यात दिला. आता तेच आम्हाला दटावतात, "पट्टा काढू नका रे आधी!"

या आठवड्यात २१ पैकी २. दोन्ही वेळा नवऱ्याने पट्टा दारातच काढला होता, त्यामुळे ते मी खारीच्या खात्यात धरत नाही. बेल वाजली की मात्र गोधडी सोडून थेट सोफ्याच्या पाठीवर, त्यावर अजून हातच घातलेला नाही. रविवारी बाथरूम ते गोधडी पट्टा न धरता, नुसता जमिनीवर सोडून नेऊन बघणार आहे. सोफ्याला नवीन कव्हर घेतलंय, गडद चॉकलेटी, उगाच रिस्क कशाला.