मॉडेल जेटच्या टर्बाइनला फेलसेफ लावताना : माझा अनुभव

रेडिओवर चालणाऱ्या विमानांचा मला जुना नाद आहे, पण टर्बाइनचे जेट हाताशी आल्यावर फेलसेफकडे, म्हणजे संपर्क तुटल्यावर विमानाने आपोआप काय करायचे हे ठरवणाऱ्या सोयीकडे, मी अधिक गांभीर्याने पाहू लागलो. विजेच्या मोटरवर उडणाऱ्या लहान विमानाचा ट्रान्समीटरशी संपर्क तुटला, तर मोटर थांबली की बहुतेक वेळा भागते. टर्बाइनचे तसे नाही. माझे विमान इंधनासह सुमारे १२ किलोचे आहे आणि त्याच्या टाकीत टर्बाइन ऑइल मिसळलेले साधारण तीन लिटर केरोसीन असते. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारे असे विमान दोन सेकंदांत जवळजवळ १४० मीटर अंतर कापते. ते जमिनीवर आदळल्यावरही इंधनाचा पंप चालूच राहिला, तर मोडलेल्या, तापलेल्या सांगाड्यात तो केरोसीन ओतत राहतो. इंदूरच्या आसपास गव्हाची कापणी झाली की एप्रिलमध्ये शेतांत वाळलेली नरवाई, म्हणजे कापलेल्या पिकाचे खुंट, उभी असते, आणि सांवेरच्या बाजूला आम्ही जिथे उडवतो त्या पट्टीला तिन्ही बाजूंनी अशीच शेते आहेत. म्हणून संपर्क तुटल्यावर टर्बाइन नुसते मंद होऊन चालणार नाही, ते बंद पडले पाहिजे आणि पंपही थांबला पाहिजे, ही अट मी आधीच ठरवून घेतली.

या यंत्रणेत फेलसेफ दोन ठिकाणी असते, आणि सगळा घोळ होण्याची शक्यता या दोघांच्या मधल्या जागेत आहे. पहिले फेलसेफ विमानातल्या रिसीव्हरचे. ट्रान्समीटरचा संदेश येईनासा झाला की रिसीव्हर प्रत्येक चॅनेलवर, म्हणजे थ्रॉटल, चाके अशा प्रत्येक गोष्टीच्या स्वतंत्र आज्ञेच्या वाटेवर, एकतर शेवटची आज्ञा तशीच चालू ठेवतो, ज्याला होल्ड म्हणतात, किंवा आपण आधी ठरवून दिलेल्या स्थितीत जातो. दुसरे फेलसेफ ईसीयूचे, म्हणजे टर्बाइनचा पंप, स्टार्टर आणि तापमान सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचे. ईसीयूचा ट्रान्समीटरशी थेट संबंध नसतो. रिसीव्हरकडून तारेने येणारी पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, तेवढी त्याला दिसते. ती साधारणपणे १००० ते २००० मायक्रोसेकंद लांबीची असते आणि तिच्या लांबीवरून थ्रॉटल किती आहे, म्हणजे इंजिनाकडून किती जोर हवा आहे, हे त्याला कळते. पल्स येईनाशी झाली किंवा शिकवलेल्या मर्यादेबाहेर गेली, तरच काहीतरी बिघडले आहे असे तो मानतो.

आमच्या गटात रामबागेत राहणारे एक काका आहेत, ज्यांचे सगळे आयुष्य कारखान्यातील कंट्रोल पॅनेल सांभाळण्यात गेले. ईसीयूला स्वतःचे फेलसेफ आहे तर रिसीव्हरच्या फेलसेफची एवढी चिंता का करायची, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘‘अरे, रिसीव्हर शेवटचीच आज्ञा घोकत बसला, तर समोर कोणी उरलं नाही हे ईसीयूला कळणार कसं?’’ सगळ्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे. थ्रॉटलचा चॅनेल होल्डवर असेल आणि पूर्ण थ्रॉटलवर संपर्क तुटला, तर ईसीयूला अगदी निरोगी, मर्यादेतली पल्स मिळत राहते आणि तो टर्बाइन पूर्ण वेगाने, मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी, इंधन संपेपर्यंत चालवत राहतो. माझा रिसीव्हर कारखान्यातून आला तेव्हा सगळे चॅनेल होल्डवरच होते.

कामाचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. आधी ईसीयूला रेडिओ शिकवायचा, म्हणजे थ्रॉटलच्या कोणत्या स्थितीला पल्स किती लांब असते हे त्यात नोंदवायचे, आणि मगच फेलसेफ लावायचे, कारण नंतर थ्रॉटलची टोके बदलली किंवा चॅनेल उलटा केला तर फेलसेफचा आकडाही निरर्थक होतो. मी थ्रॉटलची टोके मुद्दाम थोडी आत घेतली. स्टिक (थ्रॉटलची दांडी) आणि ट्रिम (तिच्यात बारीक फेरफार करणारी कळ) दोन्ही खाली असताना, म्हणजे ‘बंद’ या स्थितीत, ११०० मायक्रोसेकंद. ट्रिम वर आणि स्टिक खाली असताना, म्हणजे आयडलला (टर्बाइन सर्वांत मंद चालू असताना), १२००. आणि पूर्ण थ्रॉटलला १९००. या तिन्ही स्थिती ईसीयूला शिकवल्यावर ट्रान्समीटरच्या मेनूत थ्रॉटलचे फेलसेफ १००० मायक्रोसेकंदांवर ठेवले.

ते ‘बंद’च्याही खाली का ठेवले, हे सांगायला हवे. फेलसेफ ११०० वर ठेवले असते तरी टर्बाइन बंद पडले असते, पण ती वैमानिकाचीच आज्ञा समजून ईसीयूने ते तत्काळ बंद केले असते. संपर्क क्षणभर तुटून लगेच जुळला तरी इंजिन गेलेलेच, आणि हवेत ते पुन्हा सुरू करण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. पल्स शिकवलेल्या मर्यादेच्या बाहेर गेली, तर मात्र माझा ईसीयू क्षणभर थांबतो, मग टर्बाइन आयडलला आणतो, आणि ठरवलेल्या वेळात पल्स सुधारली नाही तर ते बंद करतो. शिवाय तो अशा प्रत्येक घटनेची नोंद ठेवतो. ही सोय प्रत्येक ईसीयूत नसते. ज्यात नाही तिथे फेलसेफ सरळ ‘बंद’वर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आयडलवर समाधान मानणे मला पटत नाही, कारण आयडललाही ज्वाला पेटलेली असते आणि पंप चालू असतो.

पहिली तपासणी घरच्या टेबलावर, टाकी रिकामी ठेवून केली. ईसीयूच्या छोट्या डिस्प्लेवर थ्रॉटलचा आकडा दिसत होता. स्टिक अर्ध्यावर नेऊन ट्रान्समीटर बंद केला, तेव्हा आकडा एक क्षण तसाच राहिला आणि मग त्या जागी फेलसेफची सूचना आली. त्यानंतर ट्रान्समीटर चालू ठेवून रिसीव्हरमधून थ्रॉटलची तार काढून पाहिली. ईसीयूची बॅटरी वेगळी असल्यामुळे रिसीव्हरची वीज गेली तरी टर्बाइन चालू राहू शकते, म्हणून पल्स अजिबात न येण्याची ही स्थितीही तपासावीच लागते. तार काढण्याची ही चाचणी टर्बाइन चालू असताना कधीही करू नये.

चालू टर्बाइनवरची चाचणी पट्टीवर, सकाळी वारा पडलेला असताना घेतली. विमान मागच्या चाकांपासून जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधले आणि काका कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक घेऊन बाजूला उभे राहिले. पावडरचे अग्निशामक आग विझवते, पण टर्बाइन कायमचे खराब करते. टर्बाइनच्या मागे आणि त्याच्या आत फिरणाऱ्या चाकाच्या रेषेत कोणी उभे राहणार नाही हे पाहिले. आयडलपेक्षा थोड्या वरच्या वेगावर ट्रान्समीटर बंद केला. आवाज आधी आयडलपर्यंत उतरला, मग पंप थांबला, आणि थोड्या वेळाने स्टार्टर आपोआप फिरू लागून टर्बाइन थंड करू लागला. एक्झॉस्टचे तापमान १०० अंशांखाली येईपर्यंत कोणताही स्विच बंद केला नाही. मोबाइलवरील चित्रण पाहता रिसीव्हरचा विलंब आणि ईसीयूचा विलंब यांची बेरीज मला जास्त वाटली. म्हणून ईसीयूमधील वेळ कमी करून एकूण अवधी दोन सेकंदांच्या आसपास आणला आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. ट्रान्समीटर पुन्हा चालू करण्यापूर्वी स्टिक आणि ट्रिम दोन्ही खाली आहेत हे प्रत्येक वेळी हाताने चाचपून पाहिले.

बाकीच्या चॅनेलबद्दल थोडक्यात : चाके आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) होल्डवर ठेवले, म्हणजे जमिनीवरच्या चाचणीत चाके अचानक आत जाऊन विमान पोटावर बसणार नाही.

आता प्रत्येक उड्डाणानंतर मी इंधनाच्या आधी फेलसेफची नोंद पाहतो. आकडा शून्य नसेल तर अँटेना तपासतो, कारण कार्बन फायबर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवते आणि स्टीलचा टेलपाइपही अँटेनाच्या आड येऊ शकतो. रिसीव्हर पुन्हा बाइंड केला, म्हणजे ट्रान्समीटरशी नव्याने जोडला, त्याचे सॉफ्टवेअर बदलले किंवा थ्रॉटलच्या टोकांना हात लावला, तर टेबलावरच्या चाचणीपासून सगळे पुन्हा करतो, आणि तोवर टाकीत केरोसीन भरत नाही.