ओढ्याचा आवाज जिथे दबला

ओढ्याचा खळखळाट मध्येच दबला. गेला नाही, दबला. जेमतेम दीड सेकंद. कानांवर कुणी हात ठेवून लगेच काढून घ्यावा तसं. कानाला हेडफोन नसता तर मला ते कळलंही नसतं, आणि वहीत आधीच लिहिलेलं ‘ध्वनी : पाचपैकी साडेचार’ तसंच छापून गेलं असतं.

मी जुन्या सिनेमांच्या रिस्टोअर केलेल्या डिस्कची परीक्षणं लिहिते. लोकांना वाटतं, दिवसभर सिनेमे बघायचे, मजा आहे. सिनेमा सलग बघून होतो एकदाच. बाकीचे आठ-दहा तास तो थांबवून बघण्यात जातात. पहिल्या वेळी सोबतची पुस्तिका उघडायची नाही, कंपनीचं पत्रक वाचायचं नाही. दुसऱ्या वेळी रिमोट हातात. तिसऱ्या वेळी पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं. ही तिसरी फेरी आमच्या क्षेत्रातले बरेच जण टाळतात, आणि ते त्यांच्या लिखाणात दिसतं. चित्रावर चार परिच्छेद आणि आवाजावर पत्रकातूनच उचललेली एक ओळ.

सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा, तुटपुंज्या पैशात केलेला अमेरिकन एक्स्प्लॉयटेशन पट, एवढं पुरे. या शब्दाचा अर्थ आज आपण थेट ‘शोषण’ असा घेतो, पण त्या धंद्यात तो मुळात जाहिरातबाजीचा शब्द होता. सिनेमात मोठा नट नाही, मोठा स्टुडिओ नाही, मग गर्दी खेचायची कशावर? तर अंगप्रदर्शन, रक्त, व्यसनं, जे काही इतरत्र दाखवत नाहीत त्याच्यावर. १९३४ पासून हॉलिवुडच्या स्टुडिओंवर आचारसंहितेचा कडक पहारा होता, आणि हे निर्माते त्या कुंपणाच्या बाहेर धंदा करत होते. १९६८ मध्ये आचारसंहिता जाऊन वयानुसार श्रेणी आल्या आणि कुंपणच उरलं नाही. न्यूयॉर्कच्या ४२ व्या रस्त्यावरची थिएटरं आणि गावोगावची ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसून सिनेमा बघायची मैदानं, अशा सिनेमांवर चालायची. वितरणाचे हक्क प्रांतवार विकले जायचे. त्याच मोजक्या प्रिंट गावोगाव फिरायच्या, आणि एखाद्या गावात कापलेला तुकडा पुन्हा जोडला जाईलच याची खात्री नसायची.

म्हणून हे सिनेमे टिकले हाच चमत्कार. १९९० मध्ये सिएटलमध्ये माइक व्रेनी यांनी ‘समथिंग विअर्ड व्हिडिओ’ सुरू करून गोदामांतून, लॅबमधून अशी रिळं गोळा केली नसती, तर या इतिहासाचा मोठा भाग कचऱ्यात गेला असता. आज याच क्षेत्रातली एक कंपनी ‘व्हिनेगर सिंड्रोम’ असं नाव लावते. ते फिल्मच्या रोगाचं नाव आहे. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आखडते, वाकते, आणि मग स्कॅनरच्या दातांवर बसत नाही. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. तो आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात कुणी खलनायक नाही.

तर ही डिस्क. चित्र बघून मी अक्षरशः सुखावले होते. पाच रिळांपैकी चार मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून, म्हणजे कॅमेऱ्यात चाललेल्या फिल्मवरूनच, फोर-केमध्ये, अगदी बारीक तपशिलात स्कॅन केलेली. तिसऱ्या रिळाची निगेटिव्ह मिळालीच नाही, म्हणून ते थिएटरांत फिरलेल्या एका प्रदर्शन-प्रिंटवरून घेतलेलं. हे मला पुस्तिकेनं सांगितलं नाही, माझं मीच ओळखलं. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग सगळ्यात आधी उडतो, पिवळाही उतरतो, आणि उरतो तो किरमिजी. चेहरे जणू उन्हानं भाजलेले. तो किरमिजीपणा कितीही सावरला तरी सावल्यांमध्ये लपून राहतो. तिसऱ्या रिळात दाराच्या आडोशाला काळं कधी पूर्ण काळं होतच नाही, त्यात जांभळट झाक आहे. शिवाय रीळ संपताना वर उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका येतो, चार चौकटींपुरता, म्हणजे चार फ्रेमपुरता. सुमारे सात सेकंदांनी दुसरा. प्रोजेक्टरवरच्या माणसाला तो इशारा असायचा : दुसरं यंत्र चालू कर, आता बदल. बाकीच्या रिळांच्या शेवटी हे ठिपके नाहीत, कारण ती निगेटिव्हवरून आली आहेत. रिस्टोअर करणाऱ्यांनी ते पुसले नाहीत. त्यासाठीच मी चित्राला पूर्ण पाच गुण दिले. ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक कणही जिवंत ठेवले आहेत. ग्रेन म्हणजे घाण नव्हे, चित्र बनलंय तेच त्याचं. आमच्या वाचकांतले निम्मे अजून ‘पडद्यावर मुंग्या दिसतात’ म्हणून तक्रार करतात, आणि त्यांची समजूत काढायला म्हणून काही कंपन्या माणसांचे चेहरे मेणाचे करून टाकतात. इथे तसं झालं नव्हतं.

चौथ्या रिळाच्या सुरुवातीला ओढ्याचा प्रसंग येतो. दोन माणसं एका मुलीला पाण्यात बुडवतात, ती वर येते, पुन्हा खाली जाते. जुन्या व्हिडिओ कॅसेटवर मी हा प्रसंग पूर्वी पाहिलेला. तेव्हा तो नुसता हिरवा गढूळ डाग होता, आणि त्यात काहीतरी हालतंय एवढंच कळायचं. आता तिच्या दंडावरचा काटा मोजता येतो. ओठ निळे आहेत. ती रंगभूषा नाही, कारण वरचा ओठ थरथरतो तो तिच्या आवरण्यातला नाही. ती पाय झाडते तेव्हा पाच-सहा चौकटींपुरती टाच दिसते, आणि टाचेवर एक चिकटपट्टी आहे, निम्मी सुटलेली. कथेत त्या मुलीला कुठेही लागलेलं नाही. म्हणजे ती पट्टी पात्राची नाही. त्या टाचेची आहे.

याच प्रसंगात तो आवाज दबला.

डिस्कवर दोन ध्वनिपट्ट्या होत्या : एक साफ केलेली, एक जशी सापडली तशी मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची. असा दुसरा ट्रॅक देणाऱ्या कंपन्या थोड्या, आणि दिला तरी तो ऐकणारे त्याहून थोडे. मी बटण दाबून मूळ ट्रॅकवर गेले. तिथे सूं असा आवाज होता, चटचट होती, ओढा मात्र अखंड वाहत होता. आणि दबलेल्या त्या दीड सेकंदात दोन आवाज होते. तिचा आवाज म्हणतो, ‘नाही, खरंच’. मग कॅमेऱ्याच्या मागून एका पुरुषाचा आवाज तिला नावानं हाक मारतो आणि म्हणतो, ‘चालू ठेव’.

नावानं, म्हणजे पात्राच्या नावानं नव्हे. मी श्रेयनामावली पुन्हा लावून पाहिली. तिचं स्वतःचं नाव.

मी तो तुकडा किती वेळा ऐकला ते मोजलं नाही. दरम्यान समालोचनाचा ट्रॅकही लावून पाहिला. दोघे जाणकार त्या वेळी तुटपुंज्या बजेटच्या गमती सांगत होते, पाणी किती थंड होतं तेही सांगत होते, हसत होते. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या कानात बहुधा साफ केलेला आवाज होता. जादा सामग्रीत तीन मुलाखती आहेत, तिची नाही. तिचं दुसरं कुठलंही काम मला सापडलं नाही.

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, तू परीक्षण लिहितेयस की चौकशी करतेयस? आवाज स्वच्छ आहे ना? मग तसं लिही.” मी म्हटलं, “सर, स्वच्छ आहे म्हणूनच अडलंय.” ते गप्प राहिले, मग म्हणाले, “कंपनीला विचार. उत्तर आलं तर बघू.”

उत्तर आलं, आणि दुसऱ्याच दिवशी. ज्यानं ध्वनीवर काम केलं त्यानंच स्वतः लिहिलं. माझ्या मनातला संताप त्या पत्रानं अडचणीत आणला. त्यानं काही लपवलं नव्हतं. त्यानं लिहिलं होतं की चटचट काढायला यंत्र वापरलं, पण हा आवाज यंत्रानं नाही, त्यानं स्वतः ऐकून काढला. कॅमेऱ्याची घरघर काढतात, क्लॅपचा ठोका काढतात, तसाच सेटवरचा आवाज काढला. ती चित्रीकरणातली चूक होती, त्या काळी चांगली साधनं असती तर तेव्हाच काढली असती. आणि मूळ ट्रॅक डिस्कवर राहावा म्हणून तोच कंपनीशी भांडला होता. म्हणजे ज्यानं तो आवाज पुसला, त्याच्यामुळेच तो मला ऐकू आला.

त्याच्या हिशोबात घरघर आणि हाक एकाच रकान्यात होत्या. मला ते पटत नाही. पण माझा स्वतःचा हिशोब तरी काय होता? आठवडाभर आधी मी याच प्रसंगाबद्दल ‘पाण्यातल्या उजेडाचं अप्रतिम तपशीलवार चित्रण’ असं लिहून ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र सतत टोचते. ब्रिटनमध्ये १९३७ चा एक कायदा आहे, सिनेमातल्या प्राण्यांबद्दलचा. चित्रीकरणासाठी प्राण्याला खरोखर वेदना दिली किंवा घाबरवलं असेल, तर तो प्रसंग दाखवता येत नाही. तिथल्या प्रमाणन मंडळानं त्यासाठी जुन्या सिनेमांच्या नव्या डिस्कमधून प्रसंग कापायला लावले आहेत, आजही लावतं. काही इटालियन नरभक्षक-पटांच्या डिस्कवर प्राण्यांचे प्रसंग वगळलेली वेगळी आवृत्ती मिळते. आम्ही परीक्षक त्यावर लिहितोही : कुठला प्रसंग, किती सेकंद, खरं की खोटं. पडलेल्या घोड्याबद्दल मी स्वतः एक अख्खा परिच्छेद लिहिला आहे. घोडा खरंच पडला का, हा प्रश्न आमच्या कामात बसतो. या मुलीला खरंच नको होतं का, या प्रश्नासाठी परीक्षणाच्या साच्यात जागाच नाही. चित्र, ध्वनी, जादा सामग्री, वेष्टन. वेष्टनालाही गुण असतात.

प्रसंग कापावा असं माझं म्हणणं नाही. कापला तर तीही जाते, टाचेवरच्या पट्टीसकट. माझं म्हणणं एवढंच की तो आवाज म्हणजे फिल्मवरचा ओरखडा नव्हता.

शेवटी ध्वनीचे गुण मी काढूनच टाकले. त्या जागी लिहिलं : साफ केलेल्या ट्रॅकमधून चौथ्या रिळात सेटवरचं एक बोलणं काढलेलं आहे, ते सिनेमाच्या इतिहासाचा भाग आहे, म्हणून सिनेमा मूळ मोनोवरच पाहावा. संपादकांनी एक शब्दही बदलला नाही. मिनिट आणि सेकंद मी लिहिले होते, ते माझे मीच काढले. कारण मला दिसत होतं पुढे काय होणार. लोक डिस्क लावतील, थेट तिथे जातील, पुन्हा पुन्हा ऐकतील आणि एकमेकांना ऐकवतील. ज्या धंद्यानं ते दृश्य गर्दी खेचायला वापरलं, त्या धंद्याचं जाहिरातपत्रक मी लिहिल्यासारखं झालं असतं. सिनेमाचं नाव इथे लिहीत नाही तेही त्याचसाठी. तरीही पाच वाचकांनी नेमकी वेळ विचारली. एकानं अगदी सभ्य भाषेत लिहिलं की पुरावा न देता असं म्हणणं बरं नाही. त्याचंही बरोबर आहे. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

काल वही चाळताना पहिल्या वेळी बघताना केलेली टिपणं सापडली. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. चौथ्या रिळासमोर माझ्या अक्षरात लिहिलंय : ‘दुसऱ्यांदा तिला कुणी ढकलत नाही. दोन्ही माणसं मागे सरकलेली आहेत, हात वर. तरी ती आपणहून खाली जाते. दिग्दर्शनातली चूक.’