साडेपाच तासांचं अंतर

सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे बहुतेक फोन 'बंद पडलंय' किंवा 'फार हळू चालतंय' एवढंच सांगायला येतात. त्या दिवशी सकाळी सव्वानऊला प्रकल्पप्रमुखांचा फोन आला तेव्हा त्यांनी दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. "मॅडम, कुणाचंच लॉगिन होत नाहीये. आणि मला त्या धडगावच्या ऑपरेटर मुलीच्या आयडीचा सगळा लॉग, म्हणजे कधी काय केलं त्याची नोंद, काढून द्या. ती रात्री तीनला लॉगिन करते, घरी बसून खोटे फॉर्म भरते. आजच तिचं कंत्राट बंद करायचंय."

सर्वेक्षण होतं नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतलं. मुलांचं पोषण आणि कामासाठी होणारं स्थलांतर, हा विषय. दिवाळी झाली की सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत निघून जातात, मग पाड्यावर विचारायला माणूस सापडत नाही. म्हणून ऑक्टोबरभर नुसती धावपळ चालली होती. पाड्यांवर रेंज नाही, त्यामुळे स्वयंसेवक पावरी-भिलीत बोलून कागदी फॉर्म भरायचे. ते गठ्ठे तालुक्याच्या ऑफिसात यायचे आणि तिथे बसलेल्या ऑपरेटर मुली ते लाइमसर्व्हे या सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायच्या. प्रत्येकीचं वेगळं खातं. हे सॉफ्टवेअर २००३मध्ये पीएचपीसर्व्हेयर या नावानं सुरू झालं. मुक्त आणि विनामूल्य असल्यामुळे आपल्याकडच्या अनेक सामाजिक संस्था ते वापरतात. ही संस्थाही तशीच. आम्ही पुण्यातून तिचा सर्व्हर बघायचो.

आधी सर्व्हर बघितला, कारण तिकडे दोन्ही तालुका ऑफिसं खोळंबली होती. सीपीयू जवळजवळ मोकळा. मेमरी भरपूर. डिस्कवरही ताण नाही. तरीही साइट उघडत नव्हती, लॉगिनचं पान मिनिटभर फिरून 'गेटवे टाइमआउट', म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही, असं दाखवत होतं. साइट ज्या पीएचपीवर चालते तिच्या लॉगमध्ये मात्र एक ओळ सारखी येत होती: विनंत्या हाताळणाऱ्या कामगार प्रक्रियांची कमाल मर्यादा गाठली. म्हणजे हातातली सगळी माणसं कशाची तरी वाट बघत उभी होती आणि नव्या गिऱ्हाइकाला दार उघडायला कुणी उरलं नव्हतं. नुसता सीपीयूचा आलेख बघून कुणी 'सर्व्हर ठणठणीत आहे' असं म्हटलं असतं, तर ते आकड्यांनुसार खरं आणि प्रत्यक्षात साफ चुकीचं ठरलं असतं.

मग डेटाबेसला विचारलं की आत्ता काय काय चालू आहे. ती यादी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सगळ्यात वर एक लांबलचक सिलेक्ट, म्हणजे वाचायचा हुकूम, सर्वेक्षणाच्या उत्तरांच्या तक्त्यावरचा. त्याच्याखाली अपडेटची, म्हणजे लिहायच्या हुकमांची रांग, आणि प्रत्येक ओळीपुढे एकच मजकूर, 'वेटिंग फॉर टेबल लेव्हल लॉक', तक्त्याचं कुलूप उघडायची वाट बघतोय. लाइमसर्व्हेत सर्वेक्षण सुरू केलं की त्याच्यासाठी स्वतंत्र तक्ता तयार होतो आणि प्रश्नाच्या प्रत्येक उपप्रश्नाला एक रकाना मिळतो. आमच्या प्रश्नावलीत घरातल्या प्रत्येक माणसासाठी प्रश्नांची जाळी होती, त्यामुळे रकाने हजाराच्या वर गेले होते. डेटाबेसमध्ये तक्ते साठवणारी इंजिनं वेगवेगळी असतात, त्यांतल्या इनोडीबीला एका तक्त्यात १०१७ रकान्यांची मर्यादा आहे. म्हणून हा तक्ता मायआयसॅम इंजिनावर ठेवणं भाग होतं, आणि मायआयसॅम एका ओळीपुरतं कुलूप लावू शकत नाही, सगळ्या तक्त्याला लावतं. कुणी सगळी उत्तरं वाचत बसलं की लिहिणारे थांबतात. त्याहून वाईट म्हणजे लिहिणाऱ्यांना अग्रक्रम असल्यामुळे एक अपडेट रांगेत उभं राहिलं की त्याच्यामागून आलेले वाचणारेही अडकतात. सगळी उत्तरं उतरवून नेणाऱ्या एका मोठ्या एक्स्पोर्टनं सगळा कारभार थांबवायला एवढं पुरतं.

तो सिलेक्ट मध्येच तोडला. रांग काही क्षणांत रिकामी झाली, पानं उघडायला लागली. तरी धडगावहून फोन आलाच, "मॅडम, आमचं अजून होत नाही." ते कारण निराळं होतं. पान अडकलेलं असताना मुलींनी घाईघाईत पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकले होते, काही चुकले होते. लाइमसर्व्हेत मूळ सेटिंगप्रमाणे तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर दहा मिनिटं प्रवेश बंद होतो, आणि तो बंद होतो आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर, खात्यावर नाही. अख्ख्या ऑफिसला एकच ब्रॉडबँड, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यांचा पत्ता एकच. एकीचा पासवर्ड चुकला की सगळ्या बाहेर. अयशस्वी लॉगिनच्या तक्त्यातून त्या पत्त्याची ओळ काढून टाकली आणि काम सुरू झालं.

साडेनऊ वाजता साइट पुन्हा अडकली. यादीत तोच सिलेक्ट. पावणेदहाला पुन्हा. दर पंधरा मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारखं. माणूस असं एक्स्पोर्ट करत नाही.

लाइमसर्व्हेला रिमोटकंट्रोल नावाचा मागचा दरवाजा आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमनं युजरनेम-पासवर्ड देऊन सेशनची, म्हणजे त्या भेटीपुरती, किल्ली घ्यायची आणि उत्तरं उतरवून न्यायची, अशी ती सोय. ब्राउझरमधून आलेल्या माणसाचं सेशन आमच्या मांडणीत फाइलमध्ये राहतं, डेटाबेसमधल्या सेशनच्या तक्त्यात ओळ पडते ती रिमोटकंट्रोलमधून आलेल्याची. शहाणा प्रोग्रॅम काम झालं की किल्ली परत करतो. हा करत नव्हता. तक्त्यात मागच्या दोन तासांच्या आठ ओळी तशाच पडून होत्या, कारण किल्लीची मुदत ७२०० सेकंदांची असते. मुदत संपायच्या वेळेतून ते ७२०० सेकंद वजा केले की सुरुवातीची वेळ मिळते. आठही वेळा बरोबर पाव-पाव तासाच्या ठोक्यावर होत्या. आणि आठही ओळींत युजरनेम होतं धडगावच्या त्याच मुलीचं.

इथे मी हात आखडता घेतला. या आठ ओळी मी प्रमुखांना तेवढ्याच पाठवल्या असत्या तर त्यांचा संशय पक्का झाला असता. लॉगिनची नोंद खात्याविषयी बोलते. त्या खात्यामागे कोण माणूस बसलाय, हे तिला ठाऊक नसतं. एखाद्याची नोकरी ज्या कागदावर जाणार, तो कागद अर्धवट वाचून पुढे ढकलायचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

वेब सर्व्हरचा लॉग काढला. रिमोटकंट्रोलच्या पत्त्यावर दर पंधरा मिनिटांनी येणारी विनंती पायथन-रिक्वेस्ट्स अशी ओळख सांगत होती, म्हणजे ब्राउझर नाही, प्रोग्रॅम, आणि ती येत होती संस्थेच्याच मुख्य कार्यालयाच्या कायमच्या आयपीवरून. रात्री, रविवारी, दसऱ्याच्या दिवशीही. मुख्य कार्यालयात फोन लावला. तिथल्या डेटा विभागातला मुलगा लगेच म्हणाला, "हो मॅडम, देणगीदारांना दाखवायच्या डॅशबोर्डसाठी आम्हीच लावलंय ते." आयडी तिचा का? ऑपरेटरांच्या पासवर्डांची यादी कार्यालयातल्या एक्सेल शीटमध्ये होती आणि एक्स्पोर्टची परवानगी असलेलं पहिलं खातं तिचं होतं. सुरुवातीला उत्तरं थोडी होती तेव्हा ते कुणाला जाणवलं नाही. तक्ता फुगला आणि एक्स्पोर्टला वेळ लागायला लागला, तसं कुलूपही लांबलं.

सर्व्हरचं कोडं सुटलं. पण प्रमुखांचा आरोप वेगळाच होता, कारण त्यांच्याकडे ऑडिट लॉगचा, म्हणजे कोण कधी आत आलं याच्या लाइमसर्व्हेतल्या नोंदीचा, कागद होता आणि त्यात तिचं ब्राउझरमधलं लॉगिन होतं. त्यांनी पाठवलेल्या तक्त्यात तीन दिवस ठळक केले होते. पहिल्या दिवशी लॉगिन ०३:०८, पहिला फॉर्म सेव्ह ०८:५१. दुसऱ्या दिवशी ०३:२१ आणि ०९:०२. तिसऱ्या दिवशी ०२:५७ आणि ०८:४०. त्यांचा अर्थ असा, की बाई मध्यरात्री उठून घरी बनावट फॉर्म तयार करते आणि सकाळी चढवते.

मी वजाबाकी केली. पाच तास त्रेचाळीस मिनिटं, पाच तास एकेचाळीस, पुन्हा पाच तास त्रेचाळीस. इतकी सारखी झोपमोड कुणाची होत नाही. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. ऑडिट लॉग सर्व्हरचं घड्याळ जसंच्या तसं लिहितो. उत्तरांची वेळ मात्र लाइमसर्व्हे सेटिंगमधल्या वेळेच्या फरकानं सरकवून लिहितं, आणि संस्थेनं तिथे साडेपाच तास भरले होते. म्हणजे एकाच सॉफ्टवेअरमधले दोन रकाने दोन वेगवेगळ्या घड्याळांवर, आणि दोन्हींवर घड्याळाचं नाव नाही. साडेपाच तास काढून टाकले की उरतात अकरा-तेरा मिनिटं. सकाळी आठ अडतीसला लॉगिन, गठ्ठा सोडायचा, फॉर्मांना क्रमांक घालायचे, आठ एक्कावन्नला पहिला फॉर्म.

एवढ्यावर थांबायचं नव्हतं. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक वेळेमागे +००००, म्हणजे यूटीसी, असं लिहिलेलं असतं, तिथे शंकेला जागाच नाही. तिच्या त्या तीनही लॉगिनचा आयपी धडगाव ऑफिसच्या ब्रॉडबँडचा होता. तालुका समन्वयकांना विचारलं, ऑफिस कधी उघडतं? "साडेआठला. किल्ली तिच्याकडेच असते ना, मॅडम."

सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. आमची घड्याळं जुळलेली होती, सेकंदापर्यंत. पण घड्याळ बरोबर असणं आणि वाचणाऱ्यानं ते बरोबर वाचणं, या दोन गोष्टींमध्ये एका मुलीची भाकरी अडकली होती. याचा मला त्या दिवशी फार राग आला, आजही येतो. कारण तिला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडलं असतं.

दुपारी प्रमुखांना सगळं एका पानावर लिहून पाठवलं: वरच्या रकान्यात भारतीय वेळ, खाली खातं, त्यापुढे आयपी कुठल्या ऑफिसचा, आणि शेवटी त्याच मिनिटाला डेटाबेसमध्ये काय अडकलं होतं. ते वाचून त्यांचा फोन आला. आवाज उतरला होता. "म्हणजे आपलंच डॅशबोर्ड आपल्याला अडवत होतं." कंत्राट बंद करण्याचं पत्र टाइप होऊन सहीला आलं होतं, ते त्यांनी परत घेतलं. मी म्हटलं, सर, तिला तुम्ही स्वतः फोन करा, ऑफिसात सगळ्यांना कळलंय तिच्याबद्दल काय बोललं जातंय ते. त्यांनी केला.

संध्याकाळपर्यंत रिमोटकंट्रोल बंद केलं, तिच्यासकट सगळ्या ऑपरेटरांचे पासवर्ड बदलले, एक्सेल शीट पुसायला लावली. डॅशबोर्डसाठी रोज रात्री तक्त्याची प्रत दुसऱ्या डेटाबेसमध्ये जाते, तिथून त्यांनी हवं तितक्या वेळा वाचावं. देणगीदारांना कालचा आकडा दिसला तर काही बिघडत नाही. पुढच्या फेरीची प्रश्नावली दोन भागांत तोडून इनोडीबीवर न्यायचं तेव्हाच ठरलं.

साडेसहाच्या सुमाराला त्या मुलीचा फोन आला. नवा पासवर्ड चालतोय का, हे विचारायला मीच निरोप ठेवला होता. चालतोय म्हणाली. मग म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे एकीचं चुकलं की सगळ्यांचं बंद होतं, त्याचं काही करता येईल का? तोरणमाळकडचे गठ्ठे आलेत, उद्या सकाळपासून बसायचंय." धडगावचा पत्ता त्याच संध्याकाळी त्या मर्यादेतून वगळला.